दैवी कोपाचे धनी

जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला पूर आला आणि वणी तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. उंचावरच्या एका शाळेत काही कुटुंबे आणून ठेवली होती. आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी पीठ, मीठ, चादरी घेऊन तेथे गेलो होतो. दुपारी एका दूरचित्रवाहिनीचा बातमीदार आला. वयाने पोरगाच. वर्गाच्या दाराशी बसलेल्या एका म्हातारीला त्याने विचारले, “आजी, हे संकट कशानं आलं असं वाटतं तुम्हाला?” म्हातारी म्हणाली, “काय सांगू बाप्पा, देवाची मर्जी.” त्याला हवे ते मिळाले. त्याने यंत्र बंद केले. म्हातारी मात्र थांबली नव्हती. ती पुढे म्हणाली, “पानी तं आमी लहान व्हतो तवापासून येते. पन पयले एका रातीत उतरे. आता उतरतच नाही. नाल्याच्या तोंडाशी खदानीच्या मातीचे डोंगर उभे केले, पानी जाईन कोठून?”

संध्याकाळच्या बातमीत तिचे पहिले वाक्य होते. दुसरे नव्हते.

दुसरे वाक्य खरे की खोटे, हे तपासता येते. नाल्याची रुंदी मोजता येते, जुना नकाशा काढून नव्याशी ताडता येतो, ढिगारा कोणत्या साली उभा राहिला ते कागदावर सापडते. पहिले वाक्य तपासता येत नाही, म्हणून ते कुणाला अडचणीचेही नाही. गरीब माणसाजवळ श्रद्धा असते, मत नसते, असे आपल्या पांढरपेशा पत्रकारितेने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. श्रद्धा टिपायची आणि मत गाळायचे. मग रात्री एखाद्या सुशिक्षिताला बोलावून त्या श्रद्धेवर चर्चा करायची. एकाने तिला आस्था म्हणायचे, दुसऱ्याने अंधश्रद्धा म्हणायचे. दोघांचेही त्या म्हातारीवाचून काही अडत नाही.

त्या दिवसापासून ‘देवाची मर्जी’ आणि ‘देवीचा कोप’ ह्या दोन शब्दांचा इतिहास मी शोधू लागलो. आपल्या मुलखात निसर्गाचे संकट आले की त्याचे धार्मिक कारण सांगितले जाते, ह्यात नवल नाही; जगभर ते सांगितले जाते. नवल आहे ते ह्या कारणाच्या वाटचालीचे. ते आकाशातून निघते आणि हमखास गावकुसाबाहेर येऊन थांबते.

माझी आजी वणी तालुक्यातल्याच एका खेड्यातली. पटकीच्या साथीला तिच्या लहानपणी मरीमाय म्हणत. गावात दोन-चार माणसे ओकून-हागून मेली की मरीमाय आली असे समजायचे. मग तिला गावाबाहेर घालवण्याचा विधी. लाकडी गाडा, त्यावर लिंबाचा पाला, नैवेद्य, हळदकुंकू. नैवेद्य गावाचा, वर्गणी गावाची, पण गाडा ओढायचा तो महारांनी, आणि मरीमायच्या पुढे अंगावर आसूड ओढून घ्यायचे ते मांगाच्या पोतराजाने. आजी सांगे, “गाडा शिवंपरेंत न्यावा लागे. तिकडलं गाव काठ्या घेऊन उभं राहे, का इकडं आणू नका. इकडलं गाव मांगं येऊ देत नसे. मधामंधी आमची मानसं.”

हा प्रसंग मी अनेकदा डोळ्यांसमोर आणतो. दोन गावांच्या शिवेवर रोगाचा गाडा आणि तो धरून उभी असलेली माणसे. रोग कुणी आणला ह्याचा संशय त्यांच्यावर आणि तो बाहेर नेण्याचे कामही त्यांचेच. पटकी पसरते ती दूषित पाण्याने, हे लंडनमध्ये जॉन स्नो ह्या डॉक्टरने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर दाखवून दिले होते. आपल्याकडे ज्यांना गावच्या विहिरीला हात लावण्याचीच बंदी होती त्यांनी गावची विहीर दूषित करणे शक्य तरी होते काय? पण धार्मिक कारणाला असले प्रश्न विचारायचे नसतात. जनावरे पटापट मरू लागली तरी तेच. चामड्यासाठी विष घातल्याचा आळ इकडे महारांवर आणि उत्तरेत चमारांवर येई. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पोलिसांच्या कागदांतही हा आळ जसाच्या तसा उतरला आहे. मेलेले ढोर ओढायची सक्ती ज्याच्यावर, ढोर मारल्याचा गुन्हाही त्याच्यावरच. कोपाच्या विचारात आपल्या वाट्याला नेहमी दोन गोष्टी आल्या: दोष आणि ओझे.

१८९९-१९०० चा दुष्काळ अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘छप्पन्या’ म्हणून येतो, कारण ते विक्रम संवत १९५६ होते. त्या वेळी आपल्या जिल्ह्याचे नावच वणी होते. इंग्रजी कागदांत ते ‘वून’ असे लिहीत. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ साली मिळाले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत २८ लाख ९७ हजारांच्या वर होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायचे सोडून जवळपास दीड लाख माणूस कमी! वऱ्हाड म्हणजे कपाशीचा मुलूख. कापूस गाठी बांधून परदेशी जात होता आणि ज्वारी बाहेरून येईल त्या भावाने घ्यावी लागत होती. ज्याच्याजवळ बळदात धान्य होते तो तरला. ज्याला बलुत्यात वर्षाचे धान्य मिळायचे त्याचे बलुते आधी बुडाले, कारण शेतकऱ्याच्या खळ्यावरच दाणा नव्हता. ह्यात पर्जन्यदेवाचा कोप किती आणि बाजारभावाचा किती, ह्याचा हिशेब करता येतो. पण पाऊस नाही म्हटल्यावर गावोगाव काय झाले असेल ते सांगायला नको: महादेवाच्या पिंडीवर पाण्याचे घडे, होमहवन, ब्राह्मणभोजन. पाण्याच्या दुष्काळात पिंडीला पाणी आणि अन्नाच्या दुष्काळात भटजीला अन्न!

ह्या रिवाजाच्या बाहेर उभे राहून दुष्काळाकडे पाहणारा पहिला मराठी माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८७६-७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये आहे. तेथे जोतीराव दुष्काळाचे कारण आकाशात शोधत नाहीत. ते जंगल खात्याने बळकावलेल्या गायरानांविषयी लिहितात, उतारावरून वाहून जाणाऱ्या कसाविषयी लिहितात, ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवण्याविषयी, तळ्यांविषयी आणि विहिरींविषयी लिहितात. भट, कुळकर्णी व गोरा अंमलदार हे तिघे मिळून शेतकऱ्याला कसे नागवतात तेही लिहितात. एकाच पुस्तकात पुरोहिताची चिकित्सा आणि बंधाऱ्याची योजना! ह्या दोन गोष्टींचा संबंध जोतीरावांना कळला होता. पाऊस देवाच्या हाती म्हटले की बंधारा कुणाच्याच हाती राहत नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या वर्तमानपत्रांतून सोजिरांनी देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट घालून प्रवेश केल्याचा संताप भरभरून वाहत होता. जुलूम खराच होता; तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच साथीत सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगने आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी वारल्या. देवघर बाटल्याचा इतिहास शाळेच्या पुस्तकांत आधी आला. पाठीवरच्या त्या मुलाचा इतिहास यायला फार वर्षे लागली.

आता मी ह्या विषयातल्या सर्वांत अवघड प्रकरणाकडे येतो. अवघड अशासाठी की तेथे कोपाचे कारण आपल्या विरुद्ध नव्हते, आपल्या बाजूने होते.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुजफ्फरपूर ही शहरे जमीनदोस्त झाली. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांवर माणसे मेली. महात्मा गांधी त्या वेळी हरिजन दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा दौरा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून, म्हणजे आपल्या शेजारूनच, निघाला होता. २४ जानेवारीला तिनेवेल्ली येथील सभेत गांधींनी सांगितले की, ज्यांना आपण अस्पृश्य म्हणतो त्यांच्याशी केलेल्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे असे मी मानतो. रवींद्रनाथ ठाकूर अस्वस्थ झाले. त्यांचा निषेध आणि गांधींचे उत्तर १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’ मध्ये एकत्रच छापले गेले. रवींद्रनाथांचे म्हणणे थोडक्यात असे: नैतिक अपराध आणि भौतिक घटना ह्यांचा असा सांधा जुळवणे अशास्त्रीय आहे, आणि ही विचारपद्धती गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभणारी आहे. गांधींनी उत्तर दिले की, मला हे सिद्ध करता येणार नाही, पण ही माझी श्रद्धा आहे. जवाहरलाल नेहरूंनी पुढे आत्मचरित्रात ह्या विधानावर खरमरीत लिहिले. असल्या न्यायाने भूकंप हा जमीनदारीवरचा ईश्वरी कोपही म्हणता येईल आणि कायदेभंगावरचाही, असा त्यांचा टोला होता.

रवींद्रनाथांची भीती अगदी खरी ठरली. सनातनी मंडळी नेमके उलटे सांगू लागली: अस्पृश्यांना देवळात घ्यायची भाषा केली म्हणूनच धरणी कोपली. एकच भूकंप, एकच ईश्वर आणि कारणे परस्परांच्या उलट. पंचाने दोन्ही बाजूंच्या लाभात निकाल द्यावा तसा हा प्रकार. सनातन्यांचा राग किती टोकाचा होता हे त्याच वर्षी २५ जूनला पुण्यात गांधींवर बॉम्ब फेकला गेला त्यावरून दिसते. त्यामुळे गांधींच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. सवर्ण हिंदूंच्या मनात अस्पृश्यतेविषयी भीती निर्माण करावी, निदान भीतीने तरी ते सुधारतील, असा तो हेतू असावा.

पण शाळेत इतिहास शिकवताना हे प्रकरण आले की मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो: ह्या सगळ्या वादात अस्पृश्य माणूस कोठे आहे? बिहारच्या त्या ढिगाऱ्यांखाली तोही होताच की. पाप सवर्णांचे आणि शिक्षा दोघांना, हा कोणता न्याय? शिक्षा करणारा ईश्वर, पाप करणारे सवर्ण, पश्चात्ताप करायचा तोही त्यांनीच. वाद घालणारे दोघे महापुरुष. अस्पृश्य ह्यात कर्ता नाही, वादी नाही, साक्षीदारसुद्धा नाही. तो फक्त पापाचा विषय आहे. आणि एकदा अस्पृश्यतेला पाप म्हटले की तिच्यावरचा उपाय प्रायश्चित्त ठरतो. प्रायश्चित्त ज्याचे त्याने करायचे असते, त्याच्या मर्जीने, त्याच्या सोयीने. हक्काचे तसे नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते कुणाच्या पश्चात्तापाची वाट पाहून नव्हे. उलट त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे शुद्ध करून घेतले, म्हणजे प्रायश्चित्त केलेच, पण ते आपल्या स्पर्शाचे!

योगायोग पाहा. इकडे ‘हरिजन’ मध्ये ईश्वरी शिक्षेची चर्चा चालू होती, आणि त्यानंतर काही दिवसांतच, मार्च १९३४ मध्ये, बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना पत्र लिहून नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह थांबवायला सांगितले. १९३० पासून चाललेला सत्याग्रह! देवळाच्या दाराशी शक्ती घालवण्यापेक्षा ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा रोख होता. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. पण दोन वाटा येथे स्पष्ट फुटलेल्या दिसतात. एक वाट म्हणते, देव तुमच्यासाठी रागावला आहे. दुसरी म्हणते, देवाचे जाऊ द्या, आमच्या हक्काचे काय ते बोला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वासाला अधम्मात घातले आहे. त्यामागे केवळ विज्ञानाचा आग्रह होता असे मला वाटत नाही. अलौकिकाच्या दरबारात आपल्याला वकीलच मिळत नाही, हा शतकानुशतकांचा अनुभवही त्यामागे होता.

किल्लारी ही माझ्या पिढीची आठवण. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबरात आम्ही वणीहून चार शिक्षक धान्य-कपडे घेऊन गेलो. छावणीत एक कीर्तनकार रोज संध्याकाळी सांगत असे की कलियुगात पाप वाढले, स्त्रिया मर्यादा सोडून वागू लागल्या, जातीपातीचा आचार राहिला नाही, म्हणून धरणीमाता हलली. ज्यांची मुले तीन आठवड्यांपूर्वी दगडाखाली गेली होती त्या बाया हे मान खाली घालून ऐकत होत्या. एकीने मला विचारले, “गुरुजी, माझ्या दोन वर्साच्या लेकरानं काय पाप केलं व्हतं?” मला उत्तर देता आले नाही. त्या कीर्तनकारालाही ते विचारले असते तर त्याने मागच्या जन्मावर बोट ठेवले असते. संकटाच्या धार्मिक कारणाला अखेर कर्मविपाकाचाच आधार घ्यावा लागतो, आणि कर्मविपाक म्हणजे जातिव्यवस्थेची पायाभरणी, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

खरे कारण तर डोळ्यांसमोर पडले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर हातभर मातीचे माळवद. जमीन हलली आणि भिंती सुटल्या, वरचे ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले. दगडमातीचे भक्कम घर ही त्या भागात प्रतिष्ठेची खूण. ज्यांना ती परवडली नव्हती, जे कुडात किंवा पत्र्याखाली राहत होते, ते तुलनेने वाचले. ऑक्टोबर १९९२ पासून किल्लारीला धक्के बसत होते. लोक तक्रार करत होते, भिऊन रात्री बाहेर झोपत होते. दख्खनचे पठार म्हणजे पक्का, न हलणारा खडक, हा समज मात्र हलला नाही. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने खरे तर त्या समजाला आधीच तडा दिला होता. अनेक महिने धक्के खाणाऱ्या त्या गावांत माळवदे उतरवा म्हणून सांगणारा एखादा तरी अग्रलेख निघायला हवा होता.

आणि पुढचे ऐका. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या घराचे माप ठरवले गेले ते जमीनधारणेवरून. भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला ४००, त्याहून जास्त असलेल्याला ७५०. भूकंपाने एका रात्रीत वाडा आणि झोपडी ह्यांतला फरक मोडला होता. शासनाने तो चौरस फुटांत मोजून पुन्हा उभा केला. गावकूस दगडाचे होते तेव्हा ते पडू तरी शकत होते. जागतिक बँकेच्या कर्जातून आखणीच्या कागदावर उभे राहिलेले गावकूस कोणत्या भूकंपाने पडणार? ह्या तीन आकड्यांवर वर्तमानपत्रांनी जेवढी शाई खर्च केली त्याहून किती तरी जास्त शाई दैवाच्या क्रूर खेळावर गेली, असे मी त्या वेळी जमवलेली कात्रणे आजही सांगतात. ‘दैवाचा घाला’, ‘काळरात्र’, ‘निसर्गाचे तांडव’. शीर्षकांतच देव, काळ आणि निसर्ग येऊन बसले की माणसांनी केलेल्या नियमाला बातमीत जागा उरत नाही.

त्यानंतरची प्रकरणे मी भराभर सांगतो, कारण त्यांचा साचा एकच आहे. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी: कांचीच्या शंकराचार्यांना नोव्हेंबरात अटक झाली म्हणून समुद्र कोपला, असे सांगणारे निघाले आणि ते छापणारेही निघाले. त्याच नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर कुजलेली प्रेते उचलण्यासाठी सफाई कामगार आणले गेले, ते कोणत्या जातींचे होते हे सांगायला नको. आणि मदतीच्या छावण्यांत दलितांना बाजूला काढल्याच्या तक्रारी झाल्या. आजीच्या गाड्याचीच ही समुद्रकाठची आवृत्ती. २०१३ च्या केदारनाथ प्रलयात धारी देवीची मूर्ती हलवल्याचे कारण वाहिन्यांनी दिवसेंदिवस चघळले. २०१८ च्या केरळच्या महापुरात शबरीमलात स्त्रियांच्या प्रवेशाचा खटला आणि पाऊस ह्यांचा संबंध लावून पाहावा अशी सूचना आली, ती रिझर्व्ह बँकेच्या मंडळावर बसलेल्या एका सनदी लेखापालाकडून! शिक्षणाने ही खोड जाते असे समजणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाने हे विशेष लक्षात ठेवावे.

२०२० च्या कोरोनात दोषी ठरवायला ह्या वेळी मुसलमान सापडले. तबलिगी जमातीच्या बातम्या वाहिन्यांनी महिनाभर कशा चालवल्या ते आपण पाहिले आहे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या प्रकरणातील परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटकाळी बळीचा बकरा शोधला जातो, माध्यमांनी ह्या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, असे निकालपत्रात स्पष्ट नोंदवले. मराठी मुलखातल्या न्यायालयाने माध्यमांच्या ह्या सवयीचा इतका स्पष्ट पंचनामा केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. निकालाची बातमी किती ठिकाणी आतल्या पानावर एका रकान्यात आली, तेही आठवून पाहावे.

त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द ह्या गावात, भानामती केल्याच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत म्हातारी माणसे होती, बाया होत्या. गावाचे नाव आमच्या वणीचेच, म्हणून बातमी वाचताना काळजात चर्र झाले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात होता, गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या. पण मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत ‘अंधश्रद्धेचे बळी’ असे शब्द होते. अंधश्रद्धा हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो सगळ्या गावाला सारखाच अडाणी ठरवतो आणि बांधणारा कोण, बांधला गेलेला कोण, हे पुसून टाकतो. नुसत्या अडाणीपणाने हे झाले असते तर सातांपैकी एखादा तरी पाटील निघाला असता.

दुसऱ्यांविषयी एवढे लिहिल्यावर आपल्या घरातलेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या त्याच पुरात आमच्या एका विहारात पाणी ओसरावे म्हणून रतनसुत्ताचे पठण ठेवले होते. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई पसरली असता ह्या सुत्ताने संकट टळले, अशी अट्ठकथेतली गोष्ट त्यासाठी सांगितली गेली. मी विरोध केला तेव्हा एक कार्यकर्ता मला म्हणाला, “सर, लोकांना तेवढाच धीर येतो.” धीराला माझी हरकत नाही, एकत्र बसल्याने धीर येतोच. पण सत्यनारायणाच्या जागी सुत्त ठेवून आपण तोच व्यवहार करणार असू तर १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण काय सोडले? दीघनिकायात कूटदंत सुत्तही आहे. त्यात राज्य संकटात असताना महायज्ञ करू पाहणाऱ्या राजाला त्याचा पुरोहित वेगळेच सांगतो: शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. पूर आला असता पठणासाठी हेच सुत्त का निवडू नये, असे मी त्या कार्यकर्त्याला विचारले. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी विहारात पूरग्रस्तांच्या याद्या करायला आमच्याबरोबर बसला, हेही लिहिले पाहिजे.

याद्यांवरून आठवले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालचे लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. लोक प्रार्थनेला जमलेले आणि चर्चेस त्यांच्यावर कोसळलेली. पाद्र्यांनी ईश्वरी कोप सांगायला सुरुवात केली. तेव्हाचा प्रधान पोंबाल ह्याने एक युक्ती केली. त्याने गावोगावच्या पाद्र्यांकडेच प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे मेली, समुद्र आधी मागे हटला की पुढे आला, विहिरींचे पाणी वाढले की आटले. कोप सांगणाऱ्यांना त्याने मोजणीला लावले. भूकंपशास्त्राचा इतिहास लिहिणारे ती उत्तरे आजही उलगडून पाहतात.

आम्हीही शाळेत बसून मोजणी केली. पीक नुकसानीच्या पंचनाम्याला सातबारा लागतो. मक्त्याने शेती करणाऱ्याचे पीक बुडाले तरी भरपाई सातबारावर नाव असलेल्याची. पडलेल्या घराला पुरावा लागतो. ई-क्लासच्या जमिनीवर घर असेल तर ते घर नसून अतिक्रमण असते. आमच्या यादीतली निम्म्याहून अधिक कुटुंबे ह्या दोन नियमांत अडकत होती. देवाची मर्जी म्हणून सोडून द्यावे असे ह्यात काहीच नव्हते. दोन्ही नियमांखाली माणसांच्या सह्या होत्या.

त्या म्हातारीचे घरही ई-क्लासवरचेच. तिने मला अर्ज लिहून मागितला. मी दोन लिहिले. एक तिच्या घराच्या नुकसानीचा, आणि दुसरा नाल्याची मोजणी करून मातीच्या ढिगाऱ्यांमुळे पाणी अडते किंवा कसे ते तपासावे असा. दुसऱ्यावर तिने आणि गावातल्या एकतीस जणांनी सह्या व अंगठे केले. पहिल्या अर्जाची पोच कार्यालयात लगेच मिळाली. दुसरा अर्ज कोणत्या टेबलाचा, हे तेथे कुणालाच सांगता येईना. एका कारकुनाने तो वाचून परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “गुरुजी, पाऊसच तेवढा झाला, त्याला कोण काय करणार?” मी अर्ज पुन्हा टेबलावर ठेवला आणि पोच मागितली. ती मिळवायला मला वणीला आणखी चार चकरा घालाव्या लागल्या. मोजणी अजून झालेली नाही.